साइडकारमधलं वजन

फटफटीला जोडलेल्या साइडकारमध्ये बसणं म्हणजे पत्र्याच्या एका मोठ्या बुटात कमरेपर्यंत शिरून बसणं. पाय पुढच्या टोकात जातात, गुडघे छातीशी येतात आणि एकदा बसलं की कूस बदलता येत नाही. वरून मांड्यांवर कॅनव्हासचं आच्छादन ओढतात. त्याची फिरकीची बटणं बाहेरच्या अंगाला असतात. ती दुसऱ्याने लावायची आणि दुसऱ्यानेच काढायची. सैनिकाला घाईने उडी मारायची वेळ आली तर तो काय करत असेल, हे मी गाडीच्या माहितीपुस्तकात शोधलं होतं. त्यात एवढंच लिहिलं होतं की प्रवाशाने स्वस्थ बसावं.

ते मला जमत होतं. माझ्यात दुसरे गुण असतील-नसतील, पण स्वस्थ बसणं आणि वजन या दोन गोष्टी भरपूर आहेत, आणि माझ्या मेहुण्यांना नेमक्या त्याच हव्या होत्या.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते. शिवणयंत्रांच्या कारखान्यात लेथवर काम करता करता निवृत्त झाले. भंगाराच्या आवारातून ही जुनी लष्करी फटफटी त्यांनी पोत्यांत भरून, तुकड्यातुकड्यांनी घरी आणली, तेव्हा शेजाऱ्याने विचारलं, "काय कर्नल, लढाई कुठे?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ती गाडी उभी केली. जे भाग मिळाले नाहीत ते स्वतः कातले. मी शेजारी स्टुलावर बसून माहितीपुस्तक मोठ्याने वाचायचो. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. मला पाना आणि पकड यांतला फरकही नीट सांगता येत नाही.

गाडी चालू झाली तेव्हा एक अडचण आली. साइडकार रिकामी असली तर तिच्या बाजूला वळताना ती हवेत उचलली जाते आणि गाडी उलटू शकते. म्हणून आत वजन लागतं. लोक वाळूचं पोतं ठेवतात.

"पोत्याशी गप्पा मारता येत नाहीत," कर्नल म्हणाले. "दाजी, बसा तुम्ही."

मला नाही म्हणता आलं नाही. मला सहसा येत नाही.

त्या वेळी त्यात भीती नव्हती. दर रविवारी हॉर्न वाजायचा, बायको म्हणायची, "आलं तुमचं बोलावणं," आणि मी टोपी घालून खाली जायचो. भीती आली ती रंगामुळे.

गेल्या उन्हाळ्यात कर्नलनी गाडी पुन्हा रंगवली. जुन्या लष्करी वाहनांचा छंद असणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. तिथे रंगाला फार किंमत. एखाद्याच्या जीपची हिरवी छटा जराशी चुकली तर तो पुढच्या दोन बैठकांना येत नाही. कर्नल गाडी घेऊन आले तेव्हा मी पाहिलं की टाकी आणि पुढचं चाक हिरवं होतं, आणि सीटच्या मागचा भाग व साइडकार तपकिरी. सीटखाली दोन्ही रंगांची सीमा सरळ दिसत होती. आयुष्यभर चुका दिसल्या की मी समासात खूण करत आलो. इथे समास नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे युद्धातली अँब्युलन्स आहे. ते गाडीभोवती फिरले, उकिडवे बसले, सीमेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे फार थोड्यांना माहीत असतं, कर्नल. कमाल केलीत."

मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. जंगलातल्या आघाडीवरची गाडी वाळवंटात पाठवायचा हुकूम निघाला असणार, रंगकाम अर्ध्यावर आलं असताना निघायची वेळ झाली असणार, आणि गाडी तशीच गेली असणार. एक जीपवाले म्हणाले की असा फोटो त्यांनी पाहिला आहे. फोटो काळा-पांढरा होता असंही ते म्हणाले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. मंडळाच्या अंकासाठी याला ग्रंथांतला आधार शोधायचं काम माझ्यावर आलं.

मला आधार सापडेना. शेवटी मी शेडमध्ये गेलो. कर्नल इंजिनावर वाकून झडपांमधलं अंतर लावत होते. ते मोजायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, पण त्या त्यांनी कधीच वापरल्या नाहीत. नखाने चाचपून लावायचे.

"कर्नल," मी म्हणालो, "ते दोन रंगांचं तुम्हाला कुठे मिळालं?"

"कुठले दोन रंग?"

त्यांचा हात थांबला. ते सावकाश उठले, हात पुसले आणि माझ्याकडे वळले. पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या पलीकडे.

"तुमचे कान दिसतात मला, दाजी," ते म्हणाले. "मधला माणूस गेला."

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. मधोमध धुकं, कडेला थोडं दिसतं. ऑपरेशन होत नाही, वाढत मात्र जातं. नट, बोल्ट, झडपा हे सगळं हातांना दिसत होतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. रंगाचे दोन डबे हातांना कळले नाहीत.

"तुमच्या बायकोला सांगू नका," ते म्हणाले. "तिला कळलं की माझ्या पोरीला कळलं. पोरीला कळलं की गाडी गेली आणि मी तिच्या मागच्या खोलीत टीव्हीसमोर. त्या टीव्हीची मला नुसती चौकट दिसते."

मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही, आणि आमच्यात त्यालाच शब्द देणं म्हणतात.

मला वाटलं, आता ते चालवणं सोडतील. रविवारी हॉर्न वाजला.

मी खाली गेलो तेव्हा एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की आज मला बरं वाटत नाही. पण साइडकारमध्ये वाळूचं पोतं तयार ठेवलेलं दिसलं. मी नसलो तर ते पोतं घेऊन जाणार होते. कर्नलनी पोतं उचलून फाटकाशी ठेवलं, मी आत शिरलो आणि त्यांनी बटणं लावली.

त्या दिवसापासून माझा हात त्यांच्या गुडघ्यावर असायचा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा. गुडघा माझ्याकडे ओढला की माझ्या बाजूला, पलीकडे ढकलला की पलीकडे. थांबल्यावर पुन्हा निघायचं असलं की गुडघा दाबायचा. लाकडाच्या वखारीमागचा सुनसान रस्ता आम्ही धरायचो, पण सुनसान रस्त्यावरही माणसं असतात. एकदा एक बाई हातगाडी घेऊन आडवी आली. मी दोन थापा मारल्या, गाडी थांबली. त्या बाईने कर्नलना हात केला. कर्नलनी तिच्या दिशेने नाही, भिंतीच्या दिशेने मान हलवली. ती हसली आणि गेली. घरी आल्यावर माझी बोटं बराच वेळ सरळ होईनात.

"काय झालं हाताला?" बायकोने विचारलं.

"थंडी," मी म्हणालो. बाहेर कडक ऊन होतं.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. दर खेपेला मनात एकच असायचं की मी आत आहे म्हणून तरी हे नीट चाललंय. उतरावं तर ते एकटे जाणार. सांगावं तर शब्द मोडणार. मग शनिवारपासूनच मला जेवण जाईनासं झालं. बायकोने डॉक्टरांचं नाव काढलं. मी वयाचं कारण दिलं.

अशात मंडळाने वार्षिक मिरवणूक ठरवली. सगळ्या गाड्या एकामागून एक नदीवरच्या पुलावरून पलीकडच्या मैदानात जाणार, आणि यंदा प्रत्येकाने घरचं एक मूल शेजारी बसवायचं. कल्पना अध्यक्षांची. त्यांना टाळ्या मिळाल्या.

कर्नलची मुलगी, म्हणजे माझ्या बायकोची भाची, आमच्याकडे खाकी टोपी शिवायला घेऊन आली. टोपी बरोबर आलेल्या तिच्या मुलीसाठी होती. मुलीला सगळे बिट्टी म्हणतात. समोरचे दोन दात पडले आहेत आणि त्या फटीतून ती सतत शिट्टी वाजवते.

"आतोबा, तुमची नोकरी गेली," भाची म्हणाली.

"अगं, नुसती बिट्टी पुरणार नाही," माझी बायको म्हणाली. "यांच्या वजनाच्या जागी बिट्टी आणि एक पोतं लागेल."

"अर्धं पोतं, आत्या. एवढेही काही जाड नाहीत ते."

दोघी हसल्या. बिट्टी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, आत बसल्यावर काय करायचं असतं?"

"स्वस्थ बसायचं," मी म्हणालो, आणि उठून आतल्या खोलीत गेलो.

मी तसाच शेडवर गेलो. कर्नल साइडकारची गादी शिवत होते.

"बिट्टीला नेऊ नका," मी म्हणालो.

"नाही कसं म्हणू? काय कारण देऊ?"

"गाडी बिघडली म्हणा."

"ही गाडी? मंडळातले चौघं पाने घेऊन येतील आणि अर्ध्या तासात बिघाड नाही म्हणून सांगतील." त्यांनी दोरा दाताने तोडला. "दाजी, पुढे अध्यक्षांची अँब्युलन्स आहे. केवढं धूड ते. कडेने दिसतं मला. तिच्या मागे मागे जायचं. वेग माणसाच्या चालीचा."

"आणि मध्ये कुणी आलं तर?"

"मिरवणुकीत कोण मध्ये येतं?"

"कर्नल, ती लहान आहे."

"माझी नात आहे ती," ते म्हणाले. मग बराच वेळ सुई टोचत राहिले. सुई एकदा बोटात गेली, त्यांनी बोट तोंडात घातलं. "मला काय हौस आहे का? तुम्ही सांगा दुसरा रस्ता. मी सापळ्यात आहे, दाजी, तुम्ही नाही."

मला दुसरा रस्ता सुचला नाही. मी घरी परत आलो. बायकोला सांगायचं म्हणून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ती फोनवर भाचीशी बोलत होती. दुसऱ्यांदा तिने विचारलं, "काय हवंय?" मी पाणी मागितलं.

मिरवणुकीच्या सकाळी नदीच्या अलीकडच्या मैदानाच्या फाटकाशी सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. अँब्युलन्सच्या मागच्या उघड्या भागात बाकं टाकली होती. तिथे माझी बायको, भाची आणि आणखी दोघी-तिघी मागे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे त्यांना बिट्टी दिसली असती. बिट्टी साइडकारमध्ये होती. पायांशी पोतं, डोक्यावर टोपी. कर्नल वाकून तिची बटणं लावत होते, चाचपून.

मी वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. कर्नलना दिसत नाही. एवढंच. मी अँब्युलन्सपाशी गेलो, तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघा, चेहरा कसा पडलाय," भाची म्हणाली. "आतोबा, पुढच्या वर्षी बसा हं."

हसू फुटलं आणि माझं वाक्य गेलं. मी वळलो, साइडकारपाशी आलो आणि बटणं काढायला लागलो.

"ही जागा माझी आहे," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही नेहमी बसता," बिट्टी म्हणाली.

"हो. माझी आहे म्हणून बसतो. उतर."

ती रडायला लागली. माझी बायको अँब्युलन्समधून खाली आली. "अहो, काय हे? शोभतं का? लेकरू आहे ते."

"राहू दे, आत्या," भाची म्हणाली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "हौस असते एकेकाची. चल गं बिट्टी, आपल्याला काही नको ते खटारं."

त्यांनी तिला उचलून अँब्युलन्समध्ये नेलं. आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघू लागले. म्हातारा माणूस एका पोरीची जागा हिसकावतो, यावर कुणी काय बोलणार? मी पोतं बाहेर काढलं आणि आत शिरलो. कर्नलनी बटणं लावली. वाकलेले असताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "आभार मानू की शिव्या देऊ, तेच कळत नाही."

आम्ही निघालो. अँब्युलन्समधून बिट्टी माझ्याकडे बघत होती. बायको बघत नव्हती. माझा हात गुडघ्यावर होता. एक थाप. थोडं पलीकडे. पुन्हा एक थाप. कर्नल छान चालवत होते, म्हणजे मी छान चालवत होतो. रस्त्याकडेला उभे लोक त्यांना सलाम ठोकत होते आणि ते मान हलवत होते. पोर वाचली, आता मोकळं वाटायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. वाटेना. आज ती उतरली. पुढच्या खेपेला ती मलाच हसत विचारेल, आता बसू का? आणि रविवार तर येणारच होते. रस्त्याकडेला माणसं उभी होती, त्यांच्या कडेवर मुलं होती, त्यांतलं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. इतके दिवस मी समजत होतो की माझ्या हातामुळे गाडी सांभाळली जाते. माझ्या हातामुळे ती चालू राहत होती, एवढंच खरं होतं. हात नसता तर कधीच कुंपणाला धडकून थांबली असती, आणि सगळ्यांना कळलं असतं.

पूल जवळ आला. मी दोन थापा मारल्या.

गाडी थांबली. अँब्युलन्स पुढे सरकत गेली. कर्नल वाट बघत होते. मी गुडघा दाबला नाही. हात उचलला आणि आच्छादनावर ठेवला.

"चला?" ते ओरडले.

मी नाही म्हणून मान हलवली. ती त्यांना दिसण्याचा प्रश्न नव्हता.

मागच्या जीपचा हॉर्न वाजला, मग तिच्या मागचीचा. अँब्युलन्स थांबली. भाची आणि माझी बायको खाली उतरून चालत आल्या, मागून अध्यक्ष.

"काय झालं, आबा?" भाचीने इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"दाजींना मळमळतंय," कर्नल ओरडले.

सगळ्यांना पटलं. मला दिसलं की सगळ्यांना पटलं.

"हट्टाने बसले आणि आता हे," बायको म्हणाली, पण लगेच माझ्या कपाळाला हात लावायला वाकली.

सुटकेचं दार उघडं होतं. मान डोलावली की मला काढून बाजूला बसवणार होते, पाणी देणार होते. आणि कर्नल रिकामी साइडकार घेऊन पुढे जाणार होते, किंवा बिट्टीला घेऊन.

"त्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

"काय?" बायकोने कान पुढे केला. "ओकारी येतेय?"

"दिसत नाही त्यांना."

"काही कळत नाहीये," ती अध्यक्षांना म्हणाली. इंजिन धडधडत होतं. माझा आवाज मुळातच लहान. तो सगळा पत्र्यातच राहत होता. मला वाटलं, हे तिसऱ्यांदा बोलणं मला जमणार नाही.

कर्नलना ऐकू गेलं होतं. ते समोर तोंड करून बसले होते. हात हँडलच्या मुठींवर होते. मग त्यांनी खाली हात घालून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. पुलाखालचं पाणी ऐकू आलं.

"आता सांगा," ते म्हणाले.

"त्यांना दिसत नाही," मी म्हणालो. "समोरचं काही दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. मला माहीत होतं. मी हाताने सांगतो आणि ते चालवतात."

भाची वडिलांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. कर्नलनी मान बाजूला फिरवली.

"तिकडे काय बघताय, आबा? मी इथे आहे."

"तुला बघायचं तर तिकडेच बघावं लागतं," ते म्हणाले.

तिने तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला माहीत होतं? माझी पोर आत बसली होती. मी तिला टोपी शिवत होते, तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात."

"हो."

"आणि जागा माझी म्हणून सांगितलंत. हे नाही सांगितलंत."

बायको माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं जेवण वाढलं त्या माणसाची नव्याने ओळख करून घ्यावी तशी. अध्यक्ष साइडकारच्या रंगाकडे बघत होते. "म्हणजे तो रंग..." ते म्हणाले आणि थांबले.

गाडी रस्त्यात ठेवता येत नव्हती. दोघातिघांनी ती ढकलत पुलापलीकडच्या मैदानापर्यंत न्यायची ठरवली. एका जीपवाल्याने कर्नलना विचारलं, "तुम्ही उतरता का? हँडल मी धरतो."

"राहू द्या," कर्नल म्हणाले. "ढकलताना तरी राहू द्या."

जीपवाल्याने भाचीकडे पाहिलं. तिने मान वळवली, नाही म्हणाली नाही. जीपवाला हँडलशेजारी चालू लागला, एक हात ब्रेकपाशी ठेवून.

"मी उतरतो," मी म्हणालो. "उगाच ओझं."

"तुम्ही बसून राहा," कर्नल म्हणाले. "रिकामी ढकलली की बाजू उचलली जाते."

हे खरं नव्हतं. एवढ्या सावकाश ढकलताना साइडकार उचलली जात नाही. पुस्तकात स्पष्ट दिलं आहे आणि ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. बटणांना कुणी हात लावला नाही. मीही काढा म्हणालो नाही.

मागून लोकांनी जोर लावला. चाकं फिरू लागली. पुढे अँब्युलन्स निघून गेली, बिट्टीला घेऊन. माझी बायको आणि भाची गाडीच्या मागे चालत होत्या. कर्नल ताठ बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी, तोंड समोरच ठेवून, साध्या आवाजात विचारलं, "पूल संपला का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून अर्धा आहे. सरळच ठेवा."